पाठिंब्याचं पत्र

जयसिंगची गाडी राजाराम पुलापाशी अडकल्याचा फोन आला, तेव्हा विजयमाला ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभीच होती. पाऊण तास झाला होता. निरांजनातली वात बदलून झाली. ओलं कुंकू ताटात वाळून त्याचे पापुद्रे निघाले. सकाळी गोड वाटणारं मार्गशीर्षातलं ऊन आता मांडवाच्या कापडातून खाली उतरून बायकांच्या कपाळाला टोचू लागलं होतं.

"परदेशातनं आठ तासांत आला," तिचे वडील आप्पासाहेब आरामखुर्चीतून म्हणाले, "आन लोहगावास्नं धायरीला यायला दोन तास!"

"परराष्ट्र धोरण सोपं असतं, मामंजी," हेमा आतून म्हणाली. "सिंहगड रोड अवघड."

विजयमालाला हसू आलं. ताट हललं. हेमा जयसिंगची, तिच्या धाकट्या भावाची बायको, सदाशिव पेठेतल्या संस्कृतच्या मास्तरांची मुलगी. सव्वीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा गोठ्याच्या वासाने नाकाला पदर लावायची. पण त्याच पहिल्या वर्षी विजयमालाने दूध संस्था काढली, आणि संस्थेचा पहिला अर्ज हेमाने लिहून दिला. तेव्हापासून घरात काही वाजलं की या दोघी एका बाजूला असायच्या.

आता गोठा राहिला नव्हता. गोठ्याच्या बऱ्याचशा जागेवर आप्पासाहेबांची तीन मजली इमारत होती. खाली मोबाईलचं दुकान, वर हिंजवडीला जाणारी भाडेकरू पोरं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र अजून संस्थेचं संकलन केंद्र होतं. डोणजे, गोऱ्हे, खानापूर, सिंहगडाच्या पायथ्याच्या वाड्या, तिथल्या दोनशे बारा बायकांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथे उतरायचं आणि तिथून शहरातल्या मोठ्या डेअरीला जायचं. गेल्याच आठवड्यात डेअरीने कळवलं होतं, एक तारखेपासून संध्याकाळचं दूध घेणार नाही. कारण सांगितलं नव्हतं. बायका घाबऱ्या झाल्या. संध्याकाळचं दूध काय नदीत सोडायचं? विजयमालाने त्यांना एकच वाक्य सांगितलं होतं, "जयसिंग आला का बघंल." त्या एका वाक्यावर साठ-सत्तर बायका मांडवात येऊन बसल्या होत्या.

गाड्या आल्या. भोंगा वाजला. जयसिंग उतरला. कोट काढून हातात घेतलेला, डोळे जागरणाने तांबारलेले. मंत्री होऊन वर्ष झालं तरी घराच्या पायरीशी आला की त्याचे खांदे पोरासारखे खाली यायचे. विजयमालाने ताट उचललं, आणि मांडवातून डोणज्याच्या मथुराबाईने बसल्या बसल्या गळा काढला:

"दिल्लीच्या गं वाटंवरी, धुरळा कुनाचा उडाला
माझा धाकला बंधुराया, राज्याच्या कामाला निघाला.
सात समुद्राच्या पल्याड, कुनी धरली सावली
थोरली गं भैन त्याची, जलम न देता माउली."

विजयमालाने ज्योतीला हात आडवा धरला. आई गेली तेव्हा जयसिंग तीन वर्षांचा होता आणि ती सतरा. तिच्या लग्नाची बोलणी त्या वर्षी थांबली ती थांबलीच. मथुराबाईला हे ठाऊक होतं. ओवी तिने आत्ता, जागच्या जागी जोडली होती.

जयसिंग वाकून पाया पडला. "अक्का, वाळलीस."

"आन तू सुजलायस. तिकडं भाकरी न्हाय मिळत का?"

मांडव हसला. त्या दिवशी त्या मांडवातलं ते शेवटचं हसू.

*

सत्कार चार वाजता होता. त्याआधी घरच्यांची जेवणं. दिवाणखान्यात टेबल मांडून आप्पासाहेब, जयसिंग आणि मधला भाऊ संभाजी बसले. विजयमाला वाढत होती, हेमा पोळ्या भाजत होती. जयसिंगची मुलगी शालू कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. सत्कारात वाटायच्या पुस्तिकांचा गठ्ठा संभाजीने तिच्या शेजारीच फोडून ठेवला होता. गुळगुळीत कागद, वर जयसिंगचा हात जोडलेला फोटो. अर्ध्या भागात परदेशातलं काम, अर्ध्या भागात देशातलं.

"पप्पा, हा फोटो कुणी सिलेक्ट केला? तुम्ही त्या प्राइम मिनिस्टरशी हात मिळवताय आणि बघताय तिसरीकडेच."

"घड्याळाकडं बघत असंल," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्यावर गेलाय."

"नर्सेसचे व्हिसाज… डाळिंब, द्राक्ष… ओके… दूध…" शालू पानं उलटत होती. एकदम ती सरळ बसली. "आत्या! तू तर फेमस झालीस! पान चौदा. तुझं लेटर छापलंय अख्खं. खाली तुझी सही, शिक्का, सगळं!"

विजयमालाने तुपाची वाटी हातात घेतली होती. "माझं? मी कवा ल्हिलं?"

"शालू, नंतर," जयसिंग म्हणाला. आवाज हलकाच होता, पण हेमाने आतून मान वळवून पाहिलं.

शालूला आवाजातलं काही कळलं नाही. ती कौतुकाने वाचतच गेली, इंग्रजी वाचायची आणि मराठी करून सांगायची. "'आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या दोनशे बारा महिला दूध उत्पादक… या कराराचं मनापासून स्वागत करतो. परदेशी दूध पावडरीच्या आयातीची आम्हाला…' फिअर, म्हणजे भीती… 'भीती वाटत नाही. उलट देशातल्या डेअऱ्यांना ती वापरायची मोकळीक द्यावी अशी आमची विनंती आहे. कारण स्पर्धेतूनच…'" आणि तिथे ती थांबली. तिचीच बोटं त्या ओळीवर अडकली. "आत्या, हे तू लिहिलंस?"

विजयमालाने संभाजीच्या पोळीवर तूप वाढलं. मग परत वाढलं. मग तिसऱ्यांदा. तूप पोळीवरून ताटात, ताटातून टेबलाच्या कडेला आलं. संभाजी हात आडवा धरून म्हणत राहिला, "अक्का, बास… अगं अक्का." तिला ऐकू येत होतं, पण ते कुठल्यातरी दुसऱ्या घरातलं बोलणं वाटत होतं.

शेवटी हेमाने येऊन तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ती जयसिंगच्या मागे जाऊन उभी राहिली.

"पावडर," विजयमाला म्हणाली. "म्हनून त्यांनी सांजचं दूध बंद केलं."

ती जयसिंगकडे वळली.

"जया, कागुद कुठला वापरलास?"

जयसिंगने घास ताटात ठेवला. "जुनाच. तू पहिल्या निवडणुकीला दिले होतेस ना, बारा."

दिले होते. तिनेच. कोरे. संस्थेचं नाव छापलेले, खाली तिची सही आणि गोल निळा शिक्का मारलेले बारा कागद. या घरात ती रीतच होती. आप्पासाहेब तीस वर्षं सरपंच होते. शेतावर जाताना सही केलेले कोरे दाखले फळीवर ठेवून जायचे. कुणी गरजू आला आणि सरपंच नाही म्हणून हात हलवत परत गेला, असं व्हायला नको. कुणाच्या पोराची शाळा, कुणाच्या म्हाताऱ्याचा दवाखाना, वरचा मजकूर घरातलं कुणीही लिहून द्यायचं. गावाने त्याबद्दल त्यांना डोक्यावर घेतलं होतं. विजयमालाला वाटायचं, कोरी सही म्हणजे माणसाने माणसावर पांघरलेली गोधडी.

"दवाखान्याच्या खाटंसाठी दिलते ते," ती म्हणाली.

"दोन तशाच कामाला गेले. बाकीचे फाईलला होते." जयसिंग आता तिच्याकडे बघून बोलत होता, तेवढा तो तिच्या तालमीतला होता, खाली मान घालून बोलायचा नाही. "अक्का, ऐक. बोलणी चार दिवस चालली होती. आपल्या नर्सेसना कामाचे परवाने पाहिजे होते, डाळिंबाला, द्राक्षाला तिकडचं दार उघडून पाहिजे होतं. ते मिळालं. तीस हजार घरांत पोरींच्या नोकऱ्या आल्या. त्या बदल्यात त्यांना आपल्याकडं एक दार पाहिजे होतं. दुधाचं."

"आन ते तू माझ्या आंगनात उघाडलंस."

"ते उघडणारच होतं! मी असतो-नसतो. फक्त संसदेत प्रश्न आला असता, दूधवाल्यांना विचारलं का? एका तरी संस्थेचं पत्र पाहिजे होतं. त्या दिवशी. त्या दुपारी."

"फोन न्हवता?"

"होता."

"मग?"

जयसिंगने ओठ पुसले. कितीतरी वेळ पुसले. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हनून इचारलं न्हाईस."

"म्हणून."

विजयमालाने टेबलाची कड धरली. तिला वाटलं होतं तो म्हणेल, घाईत राहून गेलं. तो म्हणेल, खालच्या माणसाची चूक. ती लगेच विश्वास ठेवणार होती. विश्वास आधीच तयार करून ठेवला होता, लहान लेकराला झोपायच्या आधी अंथरूण घालून ठेवावं तसा. त्याने त्यावर पाय दिला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

"यात इंग्रजी फार चांगलं आहे," शालू हळूच म्हणाली. ती आईकडे बघत होती.

हेमाने तुपाची वाटी खाली ठेवली. "माझं आहे."

"तुझं?" विजयमालाने विचारलं.

"यांनी फोन केला. म्हणाले, वन्संचा होकार आहे, भाषा तेवढी नीट हवी. मी नीट केली." हेमाच्या कोरड्या आवाजाला पहिल्यांदाच कुठेतरी चरा गेला. "फार नीट केली. 'भीती वाटत नाही' हे माझं वाक्य, वन्सं. मला वाटलं, तुम्हाला शोभेल."

"मला एक फोन कराचा व्हता, हेमा."

"हो. पत्र्याची शेड स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. फोनसुद्धा लागला नसता."

तिने हे स्वतःलाच टोचून घ्यावं तसं म्हटलं, पदर खोचला आणि जयसिंगच्या मागची जागा सोडून विजयमालाच्या शेजारी येऊन उभी राहिली. चार पावलांचंच अंतर, पण जयसिंगने ते पाहिलं.

"झालं ते झालं," संभाजी म्हणाला. "आता त्यातनं चांगलं काय ते बघा की. पावडरीचं गोदाम आपल्या नऱ्ह्याच्या जागंवर येतंय. अक्काच्या दहा-वीस बायका तिथं कामाला लावू. पोती भराया."

"गोदाम?" हे जयसिंगने विचारलं नाही, शालूने विचारलं. "काका, सिरियसली? हे आधीच ठरलंय?"

संभाजीने भावाकडे पाहिलं, आणि आपण जे बोललो ते बोलायचं नव्हतं हे त्याला जयसिंगच्या तोंडावरून कळलं.

विजयमाला बापाकडे वळली. तिला एवढंच उरलं होतं. शहाऐंशी वर्षांचे आप्पासाहेब; गावातली भांडणं मिटवताना सख्ख्या चुलत्याला चूक म्हटलेले. "आप्पा, तुमी सांगा."

आप्पासाहेबांनी काठी दोन्ही हातांत धरली. जयसिंगकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही, भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं. "सही तुझीच हाय ना, पोरी?"

"माझीच."

"मग पत्र बी तुझंच. सही दिल्यावर मागं फिरायचं नसतं. आन घरातली गोष्ट मांडवात न्यायची नसती."

काहीतरी फुटल्याचा आवाज होईल असं विजयमालाला वाटलं. काहीच झालं नाही. पुरणाचा वास तसाच दरवळत होता. ज्या माणसाकडून ती सही द्यायला शिकली, तोच माणूस ती सही तिच्या गळ्यात बांधत होता.

जयसिंग उठून तिच्याजवळ आला, आणि पहिल्यांदा त्याच्या बोलण्यातली दिल्ली गळून पडली. "अक्का, पाया पडतो. पुढच्या आठवड्यात अधिवेशन हाय. विरोधक हेच पत्र मागत्यात. तू आज माईकवर कायबी बोललीस ना, तर मी सकाळपतूर मंत्री ऱ्हात न्हाय. मी पडलो तर ते परवाने बी अडकतील, त्या पोरी बी. गप बसायचं एवढंच. श्रीफळ दे, शाल दे, आन खाली बस. सांजच्या दुधाचं मी बघतो."

"कसं बघशील?"

"बघतो म्हणलं ना."

हेच वाक्य तिने मांडवातल्या बायकांना सांगितलं होतं.

*

चार वाजता मांडव भरला. नगरसेवक आले, बिल्डर आले, शाळेचे मुख्याध्यापक आले. पुस्तिका हातोहात वाटल्या गेल्या. मागच्या बाजूला बसलेल्या बायकांनी त्या उघडल्याही नाहीत. उन्हासाठी डोक्यावर धरल्या. भावाचे हात जोडलेले साठ फोटो पदरांवर टेकलेले विजयमालाला व्यासपीठावरून दिसत होते.

भाषणं झाली. करार कसा ऐतिहासिक, देशातलं धोरण कसं धाडसी. मग तिचं नाव पुकारलं गेलं. तिने शाल घेतली, भावाच्या खांद्यावर घातली, त्याच्या मानेमागे दुमडलेली कॉलर सवयीने सरळ केली. त्याने डोळे मिटून घेतले. एवढ्यावर ती खाली बसली असती तर सगळं निभावलं असतं. ती बसायला वळलीही. पण वळली तेव्हा समोर मथुराबाई दिसली. गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून बसलेली, मांडीवर निवेदनाचा कागद, संध्याकाळचं दूध बंद करू नका म्हणून लिहिलेला. ती तो साहेबांना द्यायची वाट बघत होती, आणि तिच्या डोक्यावरच्या पुस्तिकेत पान चौदा होतं.

विजयमाला माईकजवळ गेली.

"बायांनो," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा आला की तीच दचकली. "डोक्यावरचं पुस्तक खाली घ्या. त्यात माझं पत्र छापलंय. त्यात असं ल्हिलंय, का बाहेरच्या देशाची दुधाची पावडर येऊ द्या, डेअऱ्यांना वापरू द्या, आमची कायबी हरकत न्हाय. दोनशे बारा बायांच्या नावानं ल्हिलंय. त्या पावडरीनंच तुमचं सांजचं दूध बंद व्हतंय."

डोक्यावरच्या पुस्तिका एकेक करून खाली आल्या.

"त्याच्यावरची सही माझी हाय. मी कोऱ्या कागदावर दिलती. मजकूर माझा न्हाय. मला इचारलेला न्हाय." तिला पुढे अजून काही बोलायचं होतं, भावाबद्दल, त्याने वाईट नाही केलं असं काहीतरी, पण ती तिथेच थांबली.

नगरसेवकाने माईकवाल्याला खूण केली. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मोबाईल वर केले होते. जयसिंग शालीत तसाच बसला होता, अंगावर गार पाणी ओतल्यासारखा. आप्पासाहेब उठले आणि काठी टेकत, कुणाकडेही न बघता, घरात निघून गेले.

विजयमालाला वाटलं आता बायका रडतील, ओरडतील, नाहीतर टाळ्या वाजवतील. कुणीच काही केलं नाही. मग मथुराबाई उठली. एका हाताने शेजारणीचा खांदा धरून, हळूहळू.

"चेअरमनबाई," ती म्हणाली. एरवी ती 'विजे' म्हणायची. "आमचे कागुद कुठं हायती?"

"कुठले?"

"दर साली तू घेतीस ते. ठरावाला लागत्यात म्हनून. आमी अंगठं दिलेले. त्येच्यावर बी कायच ल्हिलेलं नसतं की."

विजयमालाचे हात माईकवरून सुटले.

खरं होतं. खडकवासल्याचं पाणी चढलं की पलीकडच्या वाड्यांतल्या बायकांना सभेला येता यायचं नाही. मग एकदाच सगळ्यांचे अंगठे कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवायचे. ठराव लागला की विजयमाला वर लिहायची. तिने कधी वाईट लिहिलं नव्हतं. कधी वाचूनही दाखवलं नव्हतं. लिहायच्या आधी कधी विचारलंही नव्हतं. आज घरात भावाच्या तोंडाकडे बघताना जे तिला परकं वाटलं होतं, तेच सव्वीस वर्षं तिच्या कपाटात घड्या घालून ठेवलेलं होतं.

"शेडमधी हायेत," ती म्हणाली. "कपाटात."

"मग चल. दाव."

ती व्यासपीठावरून उतरली. बायका उठल्या. सत्काराच्या खुर्च्यांमधून वाट काढत, नगरसेवकाच्या बुटांवर पाय देत, सगळ्या तिच्या मागे निघाल्या. हेमाही निघाली. शालू आधी बापाकडे धावली, त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि मग तीही आली.

*

शेडमध्ये दुधाचा आंबूस-गोड वास होता. कॅन पालथे घातलेले. विजयमालाने कपाट उघडलं आणि वरच्या खणातला गठ्ठा काढला. जांभळ्या शाईचे अंगठे, ओळीने, कागदाच्या तळाशी. वर सगळं पांढरं. कुठला अंगठा कुणाचा हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. गोऱ्ह्याच्या म्हातारीचा जखमेने मधोमध चिरलेला, मथुराबाईचा रुंद, पसरट, जनावराच्या आचळाने झिजून गुळगुळीत झालेला.

"घ्या," ती म्हणाली. "फाडून टाका. माझं चुकलं."

बायकांनी कागद पाहिले. एकमेकींना दाखवले. फाडायला कुणीच हात पुढे केला नाही. रागावली असती कुणी तर बरं वाटलं असतं. हेमाने तिच्यामागे स्टूल सरकवलं.

"फाडायचे कशापायी?" मथुराबाई म्हणाली. "अंगठं काय फुकट हायती का? बस तू खाली. पेन हाय का?"

"हाय."

"मग ल्ही. आता आमच्या म्होरं ल्ही. आमी सांगू तसं."

विजयमालाने टेबलावर कागद ओढला. पेन दोनदा झटकलं.

तेवढ्यात दारात अंधार झाला. जयसिंग आला होता. शाल कुठेतरी टाकून दिलेली. मागे त्याचा माणूस फोन पुढे करून काहीतरी सांगत होता; जयसिंगने त्याला हातानेच थांबवलं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"साहेब, पायतान भायेर," मथुराबाई म्हणाली. "दुधाची जागा हाय."

मंत्री खाली वाकला. बुटाची नाडी त्याला लवकर सुटेना. सत्तर बायका ती सुटायची वाट बघत उभ्या राहिल्या. नुसत्या मोज्यांनिशी तो आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. लहानपणी शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा याच भिंतीच्या जागी असलेल्या गव्हाणीला तो असा टेकायचा. विजयमालाने मान खाली घातली. बघितलं असतं तर ती उठून त्याच्याजवळ गेली असती.

"सांग, मथुराबाय."

"ल्ही. आमी डोनज्याच्या, गोऱ्ह्याच्या, खानापूरच्या बाया. आमी सकाळी चारला उठून धार काढतो." ती थांबली, विजयमालाचा हात पोचेपर्यंत. "आमच्या नावानं दिल्लीला एक पत्र गेलंय. ते आमचं न्हाय."

"न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"पावडर आली का आमचं सांजचं दूध कोन घेनार, त्ये सांगा. पोरींला परदेशात नोकऱ्या लागल्या, चांगलं झालं. त्येला आमची ना न्हाय. पर आमचं दूध देऊन नोकऱ्या घेतल्या, त्ये आमाला आज कळलं." मथुराबाईने पदराने तोंड पुसलं. आता तिचा आवाज ओवीत चढतो तसा चढला नाही, उलट खाली आला. "आमाला कुनी इचारलं न्हाय."

विजयमालाने 'कुणी' लिहिलं आणि पेन थांबलं. तिने वर पाहिलं. मथुराबाई तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. ती फक्त बघत होती, ते लिहिलं जातंय की नाही.

"ल्ही की," ती म्हणाली.

विजयमालाने उरलेले शब्द लिहिले. अक्षर वाकडं आलं. मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आणि बायका प्रत्येक ओळीला मान हलवत गेल्या. गोऱ्ह्याच्या म्हातारीने एक ओळ बदलून घेतली. चार नाही, साडेतीनला उठतो म्हणाली. ती बदलली.

जयसिंग भिंतीपासून पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज सरळ होता. "अक्का, हे माझ्याकडं दे. मी स्वतः घेऊन जातो. सभागृहात मीच मांडतो. माझं व्हायचं ते होऊ दे."

तो खरं बोलत होता. त्याचं खोटं बोलणं कसं असतं हे दुपारी तो 'बघतो' म्हणाला तेव्हा तिला कळलं होतं, आणि हे तसं नव्हतं. तिचा हात कागदासकट उचललाही गेला. आणि मग ती थांबली. तिने तो त्याला दिला नाही, मागेही घेतला नाही. वळून मथुराबाईकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "काय करू?"

मथुराबाईने जयसिंगला आपादमस्तक न्याहाळलं. सकाळी तिने ज्याच्यासाठी ओवी जोडली होती, तो हाच माणूस.

"न्हाय, साहेब," ती मऊपणाने म्हणाली. "तुमी कशाला तरास घेता. हे टपालानं जाईल."